मशीन फार आवाज करते

दादाचं मागणं अगदी साधं होतं. आपली बेस गिटार लोकांना ऐकू यावी, बस्स. टाळ्या नकोत, हार नकोत, भिंतीवर फोटो नको. आपण जे वाजवतो ते निदान शेजारी बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोचावं, एवढंच. पण नशीबच असं वाकडं की चार वर्षं तेवढंही जमलं नाही, आणि त्याला कारण होतं एक मशीन.

दादा कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर होता. बटाट्यांच्या आणि सफरचंदांच्या खोल्या गार ठेवणारा एक जुनाट कॉम्प्रेसर त्याच्या गळ्यात बांधलेला होता. दर अर्ध्या तासाने काटे बघायचे, दाब किती, तापमान किती ते लॉगबुकात लिहायचं, आणि काही विशेष असेल तर शेवटच्या ‘शेरा’ नावाच्या रकान्यात मांडायचं. त्या कॉम्प्रेसरला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारी चोवीस तास एकाच सुरात घुमायची आणि त्या घुमण्याखाली तिचा पट्टा धप्प, धप्प, धप्प करत राहायचा. दादाच्या आईने त्याच इमारतीत वीस वर्षं सफरचंदं निवडली होती. तिनेच रदबदली करून मुलाला तिथे चिकटवलं होतं. ती म्हणायची, ‘‘अरे, म्हातारीच्या आवाजात मला झोपसुद्धा छान लागायची.’’ दादाला मात्र तो आवाज ऐकला की तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हातारीच्या खोलीला लागून रिकामी खोकी ठेवायची एक खोली होती. संध्याकाळी सहा ते आठ मालाची गाडी येत नसे. तेवढ्या वेळात बँडने तिथे वाजवावं अशी परवानगी मॅनेजरसाहेबांनी दिली होती. त्यातही त्यांचा स्वार्थ होताच. ऑपरेटर मशीनपासून दहा पावलांवर राहणार, आणखी काय हवं?

बँड म्हणजे चार जण. गिटारवर टेलर. हा दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायचा आणि सुईने बोटं इतकी निबर झाली होती की तारांचं त्याला काही वाटायचंच नाही. ड्रमवर पोस्टमन. गाणारी दादाची धाकटी बहीण, तिला सगळे धाकटीच म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि गिऱ्हाइकांना ‘वरची ओळ वाचा, आता खालची वाचा’ करून करून संध्याकाळी तिला ओरडायची फार हौस असायची. आणि चौथा दादा. बसायला खोकी, अँप ठेवायला खोकी, पोस्टमनचा एक ड्रमसुद्धा खोक्यावर. म्हणून बँडचं नावच पडलं ‘रिकामी खोकी’. दादाने यापेक्षा बरी अशी सात नावं सुचवली होती. ती कुणी ऐकली नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

त्यांची एक पद्धत होती. सूर लावायचं यंत्र कुणाकडेच नव्हतं. मग टेलर म्हातारीच्या बाजूच्या भिंतीला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि त्या घुमण्याला गिटारची तार जुळवायचा आणि जुळली की ‘आली म्हातारी’ म्हणायचा. मग दादा जुळवायचा. धाकटी भिंतीला पाठ टेकून उभी राहायची आणि तिथूनच पहिला सूर उचलायची. झालं, वाजवायला सुरुवात. फुकटचा सूर, कधी न चुकणारा. त्यात काही वावगं आहे असं चार वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नाही म्हणायला एकदा एक पियानोवाला आला होता, संगीत शाळेत शिकवणारा. त्याने आपला छोटा कीबोर्ड खोक्यावर ठेवला, दोन गाणी वाजवून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘तुम्ही सगळे माझ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी आहात,’’ तो म्हणाला. ‘‘चौघंही. एकदम बरोब्बर मध्ये.’’

‘‘मग तुझ्या पट्ट्या सरकव की,’’ टेलर म्हणाला. पियानोवाला गेला तो गेलाच. महिनाभर चौघं त्याची नक्कल करून हसत होते.

बाहेर कार्यक्रम झाले तीन. वाचनालयाच्या हॉलमध्ये झाला, तिथे धाकटीचा आवाज दुसऱ्याच ओळीला भरकटला. बस डेपोच्या स्नेहसंमेलनात झाला, तिथे पोस्टमन असा काही धावत सुटला की पाच मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत आटोपलं. तिसऱ्या ठिकाणी तर लोक चहाला उठले आणि परत आलेच नाहीत. पहिल्या खेपेला हॉल वाईट होता. दुसऱ्या खेपेला माइक वाईट होता. तिसऱ्या खेपेला लोकच वाईट होते. खोक्यांच्या खोलीत परत आले की मात्र सगळं कसं झक्क वाजायचं.

झक्क वाजायचं ते बाकीच्यांचं. दादाचं काय? बाहेरच्या कार्यक्रमांना त्याचं अवजड अँप कधी नेताच आलं नाही, आणि इथे म्हातारी. म्हातारी घुमायची तीही खालच्याच सुरात आणि बेसही खालच्याच सुरात. ती त्याचा प्रत्येक स्वर गिळून टाकायची. घरी, अंथरुणावर बसून, हेडफोन लावून त्याने एकेका गाण्याची बेस रचली होती. एका गाण्यात तर, जिथे धाकटी ‘दार उघड’ म्हणते तिथे, त्याने अशी एक चढती ओळ बसवली होती की ती स्वतःलाच वाजवून दाखवताना त्याचे डोळे भरून यायचे. ती ओळ जगात फक्त त्यालाच माहीत होती. बरं, दर अर्ध्या तासाने त्याला काटे बघायला उठावं लागायचं. तो बेस ठेवून जायचा, काटे बघायचा, लिहायचा, परत यायचा, आणि गाणं चालूच असायचं. एकदाही कुणी म्हणालं नाही, ‘‘अरे, दादा कुठे गेला?’’ माणसाने किती मनाला लावून घेऊ नये म्हटलं तरी लागतंच की!

मग त्याने एकच हत्यार उपसलं. लॉगबुकातला शेवटचा रकाना. रोज पाळी संपताना तो स्वच्छ अक्षरात लिहायचा: ‘मशीन फार आवाज करते. बदलावे.’ रोज. आजारी असला तर दुसऱ्या दिवशी दोनदा. चार वर्षं. मॅनेजरसाहेब महिन्याच्या शेवटी पानं उलटायचे, सही करायचे आणि म्हणायचे, ‘‘तुमचं अक्षर फार सुरेख आहे हो.’’

अशात एक दिवस टेपवाला उगवला. हा कॅसेट काढायचा. कुठल्या मोठ्या कंपनीचा वगैरे नाही, स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने, तीनशे-तीनशे प्रती. पण त्याच्या कॅसेटी दुकानांत जायच्या, रेडिओवर वाजायच्या, लोक एकमेकांना द्यायचे. पोस्टमन त्याच्या घरी टपाल टाकायचा आणि वर्षभर त्याच्या मागे लागला होता. शेवटी तो आला, खोक्यावर बसला, तीन गाणी ऐकली आणि उठून उभा राहिला.

‘‘इथेच करायचं,’’ तो म्हणाला. ‘‘स्टुडिओ बिडिओ काही नको. तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी दहाला मी चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन घेऊन येतो. ते उसनं आहे, एकच्या ठोक्याला मला निघायला लागेल. सहा गाणी, तीन तास. जमेल?’’

‘‘जमेल!’’ चौघं एकदम म्हणाले.

त्या संध्याकाळी दादा घरी पायी गेला, बससाठी थांबलाच नाही. कॅसेट! म्हणजे ‘दार उघड’ची चढती ओळ कॅसेटवर येणार. कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या घरात ती ऐकणार. आई ऐकणार. आईने आजवर त्याला वाजवताना शंभर वेळा बघितलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं. त्याची एकच काळजी होती, म्हातारी. टेपवर ती आली तर पुन्हा सगळं गिळून बसेल.

आणि काय आश्चर्य! त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी क्रेन आली. चार मेकॅनिक आले. मॅनेजरसाहेबांनी दादाला बोलावून घेतलं आणि लॉगबुकावर बोट ठेवलं. ‘‘घ्या, तुमच्या शेऱ्याला मान दिला. नवीन कॉम्प्रेसर. मांजरासारखा चालतो म्हणे, पत्तासुद्धा लागत नाही.’’

दादाने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून इतका हलवला की साहेबांचं घड्याळ सैल झालं. शुक्रवार आणि शनिवार जोडणीत गेले, त्यामुळे सराव झाला नाही. म्हातारी मागच्या अंगणात नेऊन टाकली, पट्टा काढून, तेल निथळत. दादाने तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

रविवारी दहाच्या आधीच सगळे हजर. दादाने दार उघडलं आणि चौघं आत येऊन उभे राहिले. खोलीत काहीच नव्हतं. म्हणजे खोकी होती, अँप होते, ड्रम होते, पण आवाज नव्हता. पोस्टमनच्या पायाखालच्या पेडलची कुरकुर पहिल्यांदा कळली. टेलर सवयीने भिंतीला कान लावायला गेला, क्षणभर तसाच उभा राहिला आणि ओशाळून मागे आला.

‘‘यंत्र आहे माझ्याकडे,’’ टेपवाला म्हणाला. त्याने सुराचं छोटं यंत्र काढलं आणि दोघांनी तारा लावून घेतल्या, अगदी शास्त्रशुद्ध. टेपवाल्याने एकदोनदा मशीनच्या खोलीकडे बघितलं, पण केबली जोडायच्या नादात होता, काही बोलला नाही.

दादाने सहज म्हणून ‘दार उघड’ची ओळ वाजवली. ती भिंतीवर जाऊन परत आली, गोल, स्वच्छ, एकेक स्वर मोजून घ्यावा इतकी. तिघंही त्याच्याकडे बघायला लागले.

‘‘दादा,’’ धाकटी म्हणाली, ‘‘हे तू नेहमी वाजवतोस?’’

‘‘चार वर्षं झाली,’’ दादा म्हणाला. त्याचे कान गरम झाले होते.

‘‘किती छान आहे रे!’’

त्या एका वाक्यासाठी त्याने चार वर्षं शेरे लिहिले होते. तो खाली बघून तारा पुसत बसला, कारण वर बघितलं असतं तर रडू फुटलं असतं.

मग टेप सुरू झाली, आणि सगळा विचका झाला.

पहिल्यांदा धाकटीला सूरच सापडेना. तिने भिंतीला पाठ टेकली, तोंड उघडलं आणि भलतीकडेच निघाली. दुसऱ्यांदा टेलरने सूर दिला, तिने उचलला, पण दुसऱ्या ओळीपर्यंत तिचा गळा आपोआप सरकून जुन्या जागी गेला आणि गिटार एकीकडे, ती एकीकडे. तिसऱ्यांदा पोस्टमन सुटला, थेट डेपोच्या कार्यक्रमासारखा. चौथ्यांदा तो घाबरून इतका हळू झाला की टेलर वाजवता वाजवता थांबला. पाचवा, सहावा, सातवा प्रयत्न. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. टेपवाला दर वेळी टेप मागे घ्यायचा आणि काही न बोलता पुन्हा बोट वर करायचा.

‘‘तुला झालंय तरी काय?’’ टेलर पोस्टमनवर खेकसला. ‘‘पाठीमागे कुत्रं लागलंय का?’’

‘‘मी कशावर वाजवू मग?’’ पोस्टमनने काठ्याच खाली टाकल्या. ‘‘काहीतरी धरायला नको?’’

‘‘अरे, माझ्यावर धर ना!’’ दादा ओरडला. ‘‘बेस असते कशाला? मी इथे काय माशा मारायला बसलोय?’’

‘‘तू काय वाजवतोस ते मला काय ठाऊक! आज पहिल्यांदा ऐकतोय. मी चार वर्षं म्हातारीच्या पट्ट्यावर वाजवलंय!’’

 दादाने धाकटीकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

‘‘मी पण सूर तिचाच घ्यायचे,’’ ती म्हणाली. ‘‘तो नसला की मला पाय कुठे ठेवायचा तेच कळत नाही रे.’’

टेपवाल्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. ‘‘मी मघापासून विचारणार होतो, ते मशीन कधी सुरू करणार? मी त्याच्यासाठी तर इथे आलो. तुमची सगळी गाणी त्याच्यावरच उभी आहेत. मला वाटलं तुम्ही मुद्दाम ही खोली निवडलीत.’’

‘‘ते काढलं,’’ टेलर म्हणाला. ‘‘गुरुवारी.’’

‘‘कुणी?’’

 तिघंही दादाकडे बघत होते. दादाने बेस खाली ठेवली आणि तरातरा मागच्या अंगणात गेला.

म्हातारी तिथे आडवी पडली होती. तिच्यावर कुणीतरी पाण्याची बादली ठेवली होती. दादाने ती बादली उचलून फेकली आणि म्हातारीला लाथ घातली. लागलं त्यालाच. ‘‘मेलीस तरी पिच्छा सोडू नकोस!’’ तो ओरडला. ‘‘चार वर्षं माझं गिळलंस, आता यांचं पण घेऊन बस!’’ आणि मग तिच्याच पत्र्यावर बसून तो अंगठा चोळत राहिला. काय वाईट वाटत होतं म्हणून सांगू! पोरं चुकली असती तर त्यांना शिव्या घालता आल्या असत्या. इथे त्याच्याच सुरेख अक्षरातली मागणी मान्य झाली होती.

धाकटी मागोमाग आली. पावणेबारा झाले होते.

‘‘दादा, पुन्हा कधी येणार तो? चल ना आत.’’

‘‘येऊन काय करू?’’

‘‘नुसतं सांग, ती कशी घुमायची? मी आठवायला जाते आणि निसटतंच. तू दिवसभर तिच्याजवळ असायचास.’’

दादाने विचारही केला नाही. तोंड मिटलेलंच ठेवून त्याने तो सूर काढला. छातीतून आला, जिथे होता तिथे, पियानोच्या दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मध्ये. बोटांनी तो पत्र्यावर पट्ट्याचा ठेकाही धरत होता, धप्प, धप्प, धप्प. आणि धाकटीने त्याच्यावर गायला सुरुवात केली, पहिल्या फटक्यात, अगदी जिथल्या तिथे. ‘दार उघड’पर्यंत ती अडखळलीसुद्धा नाही.

दाराशी टेलर, पोस्टमन आणि टेपवाला येऊन उभे होते.

‘‘हे बेसवर येईल?’’ टेपवाल्याने विचारलं.

दादाला कळायला एक क्षण लागला. कळलं तसा तो उठून उभा राहिला. ‘‘नाही. अजिबात नाही. म्हणजे मी सहाही गाणी एकच स्वर वाजवत बसू? आणि माझ्या ओळी? चार वर्षं बसवल्यात मी त्या! मघाशी तुम्हीच म्हणालात ना, छान आहेत म्हणून?’’

‘‘छानच आहेत,’’ धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘‘नको वाजवूस, दादा. राहू दे. मी गाते तशीच, यंत्राच्या सुरात. जसं येईल तसं येईल.’’

तिला तसं गाता येणार नव्हतं, हे सकाळपासून सगळ्यांनी ऐकलं होतं. ती ते मनापासून म्हणत होती, हीच तर पंचाईत होती. नुसती हट्टाने अडून बसली असती तर दादाने तिला सुनावलं असतं आणि बेस खांद्याला लावून घरी गेला असता.

तो आत गेला. बेसची जाड तार त्याने यंत्राशिवाय लावली, मान तिरकी करून, थोडी वर, आणखी थोडी वर, थांब. टेलरने आपली गिटार त्याच्यावर जुळवून घेतली. ‘‘आली म्हातारी,’’ टेलर नेहमीसारखं म्हणाला आणि जीभ चावली.

‘‘लाव टेप,’’ दादा म्हणाला.

सहा गाणी पन्नास मिनिटांत झाली. एकेका फटक्यात. पोस्टमन एका ठोक्यानेही हलला नाही. धाकटी अशी गायली की टेपवाला काटे बघायचं विसरून तिच्याकडेच बघत बसला. दादाने एकच तार वाजवली, एकाच जागी, धम्म, धम्म, धम्म, न थांबता. ‘दार उघड’ आलं तेव्हा त्याची बोटं आपणहून वर निघाली होती. त्याने ती दाबून धरली. खांदा भरून आला, बोटाचं सालटं निघालं, आणि मनातल्या मनात तो सगळ्यांना यथेच्छ शिव्या घालत होता, स्वतःला सगळ्यात जास्त.

सोमवारी पाळी संपताना त्याने लॉगबुक उघडलं. दाब लिहिला, तापमान लिहिलं. शेवटच्या रकान्यावर पेन धरून तो बराच वेळ बसला, मग रकाना तसाच सोडून दिला.

दोन महिन्यांनी कॅसेट आली. दुकानांत गेली, रेडिओवर वाजली, ‘रिकामी खोकी’ हे नाव आठ दिवसांत लोकांच्या तोंडी रुळलं. पण ते नंतरचं. पहिली प्रत आली ती दादाच्या स्वयंपाकघरात. आईने हात पदराला पुसले, टेपरेकॉर्डरशेजारी स्टूल ओढलं आणि ऐकायला बसली. धाकटी ओट्याला टेकून उभी. दादा दारात.

पहिलं गाणं सुरू झालं आणि आईचा चेहरा उजळला.

‘‘अगंबाई! म्हातारी आलीये की यात! बरं झालं बाई, तिला काढायच्या आधी उरकलंत.’’ ती डोळे मिटून मान हलवायला लागली. तिन्ही गाणी होऊन बाजू संपेपर्यंत ती तशीच बसून होती. मग तिने डोळे उघडले आणि दादाकडे वळली.

‘‘धाकटी किती गोड गायलीये. पण तू रे? तू कुठे आहेस यात?’’

धाकटीने बोलायला तोंड उघडलं. दादाने तिच्याकडे बघून मान हलवली.

‘‘मी बाहेर होतो,’’ तो म्हणाला. ‘‘काटे बघायला गेलो होतो.’’

‘‘तरी म्हटलं,’’ आई म्हणाली, आणि तिने कॅसेट उलटी करून आवाज थोडा वाढवला.